चुण्याची जात

लोकरीच्या मिलमध्ये तिला सगळे नाडीबाई म्हणत. नव्याने कामाला लागलेल्या माणसाला वाटायचं, ही बाई फावल्या वेळात पायजम्यांच्या नाड्या विकत असेल. मग एखाद्या दिवशी तो निवडखान्यात डोकावायचा आणि तिला काम करताना बघून गप्प व्हायचा. लोकरीचा पुंजका ती अंगठा आणि दोन बोटांमध्ये हलकेच धरायची, आणि आजाऱ्याचं मनगट हातात घेतलेला वैद्य जसा भलतीकडेच कुठेतरी बघत बसतो, तशी छताकडे बघत राहायची. मग तो पुंजका समोरच्या सात टोपल्यांपैकी एकीत टाकायची. पहिली टोपली सगळ्यात तलम लोकरीची, सातवी सगळ्यात राठ. तिने टाकलेला पुंजका सव्वीस वर्षांत कुणी या टोपलीतून त्या टोपलीत हलवला नव्हता.

निवडखाना अगदी वरच्या मजल्यावर होता. छताची उत्तरेकडची उतरती बाजू सगळी काचेची. ऊन आत कधी यायचं नाही, नुसता उजेड यायचा, दुधासारखा, सावली न पाडणारा. ते मुद्दामच तसं बांधलेलं होतं. उन्हात सगळीच लोकर चांगली दिसते, असं तिच्या आधीच्या निवडणाऱ्या म्हातारीने तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्या उजेडात लोकरीचे तंतू दिवसभर तरंगत असायचे. खालचे माग लांबून कुणी गुणगुणावं तसे ऐकू यायचे. नाडीबाईची बोटं कामात असायची, पण बाकीची नाडीबाई त्या वेळी कुठे असायची, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. ती उघड्या डोळ्यांनी झोपते, असं मिलमधल्या बायका म्हणत, आणि त्यात खोटं फारसं नव्हतं.

कच्च्या लोकरीत एक ओशटपणा असतो. तो मुरून मुरून तिचे हात पन्नाशीतही कोवळ्या मुलीसारखे मऊ राहिले होते. बाकी रूपाच्या नावाने आनंदच होता, पण हात बघावेत तर तिचे.

लग्न मात्र त्या हातांनीच मोडलं. अठरा वर्षांपूर्वी तिच्या वहिनीने आपल्या मावसभावाचं स्थळ आणलं होतं. तो कापडाच्या धंद्यातला. नवा कोट घालून आला आणि कोट शुद्ध लोकरीचा आहे हे त्याने बसल्या बसल्या दोनदा सांगितलं. त्याच्या हातात कप देताना नाडीबाईची बोटं बाहीला लागली. "यात चार आणे सूत आहे," ती म्हणाली. चिडून नाही, टोमणा म्हणून नाही, कामावर म्हणायची तशी. पाहुणा कप अर्धा ठेवून उठला तो पुन्हा त्या गल्लीत फिरकला नाही. नाडीबाईला त्याचं वाईट वाटलं की नाही कुणास ठाऊक, पण वहिनीने ते मनाला लावून घेतलं. तेव्हापासून एकाच छपराखाली दोघी अशा राहत होत्या, जशी स्टेशनवरच्या एका बाकावर दोन अनोळखी माणसं बसतात. मीठ संपलंय, जिन्यातला दिवा गेलाय, एवढंच बोलणं. मधे नाडीबाईचा दादा. तो तसबिरींच्या चौकटी करायचा. त्याचं दुकान खालच्या मजल्यावर होतं आणि त्याला दुकानात नेहमीच पुष्कळ काम असायचं.

मिलमध्ये मांजरं होतीच. गोदामात उंदीर होते, आणि उंदीर म्हटले की मांजर आलंच. त्यांना कुणी पाळलेलं नव्हतं, कुणी हाकललेलंही नव्हतं. त्यांतल्या एका राखाडी मांजरीला पहारेकरी राखुंडी म्हणायचा. राखुंडी अशी की माणसाची सावली पडली तरी तीन उड्यांत गठ्ठ्यांच्या माथ्यावर. त्या वर्षी थंडी संपताना ती निवडखान्याच्या मागच्या खोलीत, सातव्या प्रतीच्या टोपलीत व्याली.

पहारेकऱ्याने सकाळी नाडीबाईला जिन्यातच गाठलं. चार पिल्लं आहेत, तीन आईसारखी आहेत, चौथं मात्र वाफेने भाजलंय, असं तो म्हणाला. गेल्या आठवड्यात वाफेची नळी गळत होती ना. अंगावरचे केस आकसलेत, मिशा जळल्यासारख्या वळल्यात, जगेलसं काही दिसत नाही. बोलताना त्याची नजर ठरत नव्हती, कारण त्याने पाण्याची बादली भरून आणलेली होती आणि ती तो पायामागे लपवायला बघत होता.

राखुंडी कुठेतरी पोटापाण्याला गेली होती. नाडीबाईने चौथं पिल्लू तळहातावर घेतलं. ते इतर पिल्लांपेक्षा ऊबदार लागलं. डोळे मिटलेले, कान डोक्याला चिकटलेले. मांजराच्या अंगावर वरून जे लांब राठ केस असतात ते याला नव्हतेच. नुसती आतली लव होती, आणि ती लव मानेपासून शेपटापर्यंत वळ्या वळ्या होऊन बसली होती, ओहोटीनंतर ओल्या वाळूवर राहतात तशा. नाडीबाईने बोट ठेवलं आणि छताकडे बघितलं. बोटाच्या एका पेराएवढ्या जागेत बारा वळ्या होत्या. पहिल्या टोपलीतल्या लोकरीला फार तर दहा असायच्या.

"हे दुखणं नाही," ती म्हणाली. "ही प्रत आहे."

पहारेकऱ्याने बादली जिन्यावरच्या कुंडीत ओतली.

दीड महिना तिने पिल्लू आईजवळ ठेवलं. मग राखुंडीने पिल्लांना मुलखाची घरं दाखवायला सुरुवात केली, एकदा गोदामाच्या माळ्यावर, एकदा बंद मागाच्या पोटात, तेव्हा चुकामूक व्हायच्या आत एका संध्याकाळी नाडीबाईने ते कोटाच्या आत घालून घरी आणलं.

वहिनी खिडकीशी बसून शर्टांना काजं करत होती. ते तिचं घरबसल्या काम. एका शिवणखान्यातून शर्टांचे गठ्ठे यायचे, त्यांना काजं करून ती परत पाठवायची. तिने पिल्लाकडे बघितलं आणि सुई थांबवली.

"वन्सं, रोज अंगावरून लोकर घेऊन येता ती कमी पडली का?"

नाडीबाईने पिल्लू जमिनीवर ठेवलं. ते थरथरत उभं राहिलं. पाय काटक्यांसारखे उंच, शेपूट उंदराचं वाटावं इतकं बारीक, कान मात्र वटवाघळाकडून उसने आणल्यासारखे. आणि अंगभर त्या लाटा. वहिनी बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "मेल्याच्या सगळ्या अंगाला चुण्या पडल्यात." आणि पुन्हा सुई चालवू लागली. झालं, नाव पडलं. चुण्या.

मोठा झाल्यावरही चुण्याला कुणी देखणा म्हणालं नसतं, निदान पहिल्या भेटीत तरी नाही. तोंड निमुळतं, गाल नावालाही नाहीत, डोळे अंड्याच्या आकाराचे आणि कच्च्या पेरूसारखे हिरवे. पोट वर ओढलेलं, पाठ कमानीसारखी. रंग धुराचा. पण तो हलला की बघत राहावंसं वाटायचं. अंगावरच्या वळ्यांमधून उजेड सरकायचा, वाऱ्याने तळ्याचं पाणी थरथरावं तसा, आणि बघणाऱ्याचे डोळे जड व्हायचे. दादा कधी वर जेवायला यायचा, चुण्याकडे बघत बसायचा आणि ताटावरच पेंगायचा.

त्याला थंडी सोसायची नाही. घरात जिथे जिथे म्हणून ऊब असेल तिथे तिथे तो सापडायचा. नुकत्या उतरलेल्या इस्त्रीशेजारी, चुलीवरून काढलेल्या भांड्याच्या झाकणावर, माणूस उठून गेल्यावर खुर्चीत राहते तेवढ्या उबेत. खायला हावरट. ओरडणं मात्र जवळजवळ नाहीच. घशातल्या घशात एक बारीक लकेर घ्यायचा, प्रश्न विचारल्यासारखी, आणि उत्तर मिळेपर्यंत समोर बसून राहायचा. खूश झाला की शेपूट हलवायचा, कुत्र्यासारखं. हे मांजराला शोभत नाही असं वहिनीने त्याला अनेकदा सांगून बघितलं.

कारण चुण्याने वहिनीलाच धरलं होतं. जी बाई त्याच्याशी बोलत नव्हती, ज्या बाईने त्याला एकदाही हात लावला नव्हता, नेमकी तिचीच मांडी त्याला हवी. तिने खाली उतरवला की तो खुर्चीच्या पाठीवरून तिच्या खांद्यावर यायचा आणि तिथून तिची सुई बघायचा. आत, बाहेर, आत, बाहेर. सुईबरोबर त्याची मान हलायची. मांजर अंगावर आहे म्हणून हात थांबवता येत नाहीत, आणि हात थांबवता येत नाहीत म्हणून मांजर काढता येत नाही, अशी काहीतरी अडचण वहिनी सांगायची. नाडीबाई मिलमधून यायची तेव्हा खिडकीत दोघं तशी बसलेली दिसायची. तिला थोडं लागायचं.

चुण्या वर्षाचा व्हायला आला तसं वहिनीने फर्मान काढलं. बोका घरभर वास सोडायच्या आत त्याचं काय ते उरकून टाका. म्हणून जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टर म्हातारे, उंच, तोंडात कायम लवंग. त्यांनी चुण्याला टेबलावर घेतलं, उलटसुलट बघितलं, खिडकीपाशी नेऊन बघितलं, आणि खच्ची करायला आणलेली हत्यारांची पिशवी उघडलीच नाही.

त्यांनी सांगितलं ते असं. हा रोग नाही, व्यंगही नाही. निसर्ग कधीमधी असा एखादा वेगळा डाव टाकतो. आजोबांचं नाक मुलाला चुकवून नातवाला येतं, तसं हे रक्तात लपून येतं आणि दोन्हीकडून आलं तरच दिसतं. म्हणजे राखुंडीच्या रक्तात ते आहे. साध्या मांजरीपासून याला पिल्लं झाली तर सगळी सरळ केसांची होतील आणि ही गोष्ट इथेच बुडेल. टिकवायची असेल तर एकच वाट आहे.

"कुठली?" वहिनीने विचारलं.

"याची जोडी याच्या आईशी लावायची."

दादाने घसा खाकरला आणि दुकानात एक चौकट वाळत घातल्याचं त्याला आठवलं. वहिनी उठून स्वयंपाकघरात गेली. डॉक्टर दाराकडे तोंड करून जरा मोठ्याने म्हणाले, "मांजरांत नाती नसतात, बाई." आतून भांडं आदळलं.

पण आठ दिवसांनी, काज करता करता, मान वर न करता वहिनीच म्हणाली, "जे काय करायचं ते माझ्या माघारी करा. मी पाहिलं नाही, मला ठाऊक नाही."

तेवढ्यात मिलमध्ये बातमी आली. यापुढे लोकर धुऊन, निवडून, दाबून गठ्ठ्यांतच यायची होती. महिनाअखेर निवडखाना बंद. गोदाम रिकामं करून औषध मारणार, त्याआधी मांजरं पकडून शहराबाहेर नेऊन सोडणार. नाडीबाईला बांधणीखात्यात घेतलं होतं. तिथे लोकर कागदात गुंडाळलेली असायची.

राखुंडी आणायची तर हातात वीस दिवस होते, आणि राखुंडी आजवर कुणाच्या हाताला लागलेली नव्हती. पहारेकऱ्याने जाळं दिलं. नाडीबाईने ते घेतलं आणि कोपऱ्यात ठेवलं. जेवणाच्या सुट्टीत ती मागच्या खोलीत जायची, रिकाम्या टोपल्यांमध्ये जमिनीवर बसायची आणि दोन्ही तळवे उघडे करून मांडीवर ठेवायची. बस्स, एवढंच. काचेतून तो बिनसावलीचा उजेड यायचा. गठ्ठ्यांच्या माथ्यावर दोन डोळे दिसायचे. नाडीबाई तिकडे बघायची नाही. थोड्या वेळाने तिला डुलकी लागायची. कधी वाटायचं आपण लोकरीच्याच आहोत, कुणीतरी आपल्याला हळूहळू उलगडतंय. कधी वाटायचं की सव्वीस वर्षांची सगळी लोकर परत येऊन खोलीत साठतेय, मऊ, आवाज न करता, गळ्यापर्यंत. डोळे उघडावेत तर ते दोन डोळे एक गठ्ठा खाली आलेले असायचे.

अकराव्या दिवशी तळव्याला काहीतरी खरखरीत लागलं. राखुंडी तिच्या हाताचा लोकरीचा ओशटपणा चाटत होती. सुट्टी संपल्याची घंटा झाली. नाडीबाई हलली नाही. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदाच कामावर उशिरा गेली आणि विचारलं तेव्हा म्हणाली, हात अडकला होता. चार दिवस असेच गेले. पाचव्या दिवशी तिने राखुंडीला दोन्ही हातांनी उचललं, पिकलेलं फळ देठावरून उतरवावं तसं, आणि टोपलीत ठेवलं. राखुंडीने आवाजही केला नाही.

दोन महिन्यांनी घरात तीन पिल्लं झाली. दोन लाटांची, एक सरळ. दादाने त्यांच्यासाठी उरलेल्या पट्ट्यांची पेटी केली होती. तिच्या कडेला सोनेरी नक्षी होती, त्यामुळे पिल्लं एखाद्या घराण्याच्या तसबिरीसारखी दिसत. वहिनी माहेरून मुद्दाम उशिरा आली. पेटीत वाकून म्हणाली, "दोघांना चुण्या आहेत." मग सरळ पिल्लाला उचलून, "आणि हा बिचारा इस्त्री केलेला."

पुढच्या पाच वर्षांत पन्नासेक पिल्लं झाली. डॉक्टरांनी वही घातली, कोण कुणाचा ते लिहून ठेवलं. लाटांची पिल्लं माणसं नीट पारखून त्यांना दिली. एक दातांच्या डॉक्टरांकडे गेलं, एक शाळेच्या बाईंकडे, दोन परगावी. ऐकीव गोष्ट फिरत फिरत जातिवंत मांजरांच्या संघटनेकडे पोचली, आणि एका दुपारी त्यांच्या परीक्षकबाई भिंग घेऊन जिना चढून आल्या. अंगाने भरदार, आवाजाने त्याहून. भिंगातून त्यांनी चुण्याच्या वळ्या बघितल्या आणि त्यांचा आवाज हळूहळू खाली आला, इतका की शेवटी त्या कुजबुजत होत्या. अशी जात आमच्या दप्तरी नाही, त्या म्हणाल्या, पण व्हायला हरकत नाही. मात्र अर्ज भरावा लागेल.

अर्जात मूळ बोक्याच्या वडिलांचा रकाना होता. मिलच्या भिंतीवर तेव्हा तीन बोके बसायचे. डॉक्टर म्हणाले, अज्ञात लिहा. दादाला ते बरोबर वाटलं नाही, एखाद्याला असं उडवून लावणं. शेवटी त्याच्याच म्हणण्याप्रमाणे लिहिलं: पिता, मिलच्या भिंतीवर बसणारा, नाव नाही. संघटनेने ते तसंच दप्तरात उतरवून घेतलं. जातीला त्यांनी तीन शब्दांचं भारदस्त नाव दिलं. ते घरात कुणाला एका दमात म्हणता आलं नाही, आणि कुणी म्हटलंही नाही.

अर्जासोबत जातीचं वर्णन जोडायचं होतं. उगम, रूप आणि स्वभाव. पुढे सगळे परीक्षक त्यावरूनच मांजरं पारखणार. नाडीबाई एका रविवारी सकाळी कागद घेऊन बसली. उगम तीन ओळींत झाला. रूपाला दुपार लागली. केस लोकरीच्या पहिल्या प्रतीपेक्षा तलम, वरचे राठ केस अजिबात नसावेत, वळ्या पाठीवर दाट, पोटावर मोकळ्या, मिशांनाही वळण असावं, बोट फिरवल्यावर लाट मोडू नये, मागे पुन्हा उठावी. स्वभावाशी येऊन पेन थांबलं. तिच्या लक्षात आलं की आपल्याला ह्या मांजरांचे केस ठाऊक आहेत, मांजरं ठाऊक नाहीत. ती दिवसभर बांधणीखात्यात. मांजरांत दिवस काढला होता वहिनीने.

"वहिनी," ती म्हणाली, "स्वभावात काय लिहू?"

वहिनी दोरा ओवत होती. चुण्या तिच्या खांद्यावर, त्याच्या दोन पोरी मांडीवर, राखुंडी पायाशी. दोरा ओवून तिने गाठ मारली.

"लिहा," ती म्हणाली. "हट्टी आहे. बोलावलं तर येत नाही, बोलावणं सोडलं की येतो."

नाडीबाईने लिहिलं.

"माणसाच्या कामात लक्ष घालतो. कामात मोडता घालत नाही, नुसतं बघतो. दिवसभर कुणीतरी आपल्याकडे बघतंय हे बरं असतं." सुई दोनदा आतबाहेर झाली. "हे शेवटचं लिहू नका."

"बरं."

"राग धरतो. पण धरायचा म्हणून धरतो. मनातून केव्हाच गेलेला असतो. सोडायचा कसा ते समजत नाही, म्हणून तसाच धरून बसतो."

नाडीबाईचं पेन कागदावर तसंच राहिलं. खिडकीबाहेर कुणीतरी सतरंजी झटकत होतं, त्याचे आवाज एकामागून एक येत राहिले.

"तो कोट," वहिनी म्हणाली, "त्याने मागाहून माझ्याकडेच पाठवून दिला. म्हणाला, पुन्हा घालवत नाही. मी नंतर एक बाही उसवून बघितली, वन्सं. चार आणे नाही. सहा आणे सूत होतं."

नाडीबाईला हसू आलं. आधी ओठांत, मग आवरेना. वहिनी मान खाली घालून काज करत होती आणि तिचे खांदे हलत होते. खांदे हलले म्हणून चुण्या उठून उभा राहिला आणि एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघून त्याने घशात ती प्रश्नाची लकेर घेतली. दादा खालून जिन्याच्या निम्म्यावर आला, वर दोघी हसताहेत असं बघून दबक्या पावलांनी उलट उतरला.

स्वभावाचा रकाना पाऊण पान झाला. संघटनेने त्यातलं निम्मं कापलं.

मग काही वर्षं सुखाची गेली, आणि मग ती पिल्लं आली. चुण्याच्या अकराव्या वर्षी एका खेपेला चार झाली, चारही लाटांची, अंगावर नजर ठरू नये इतकी सुंदर. पण त्यांना अंग धरवेना. दूध पिता पिता दमायची. आठ दिवसांत तीन गेली, चौथं पंधराव्या दिवशी. वहिनी त्याला उबेसाठी शर्टाच्या बाहीत गुंडाळून छातीशी धरून बसली होती. डॉक्टरांनी वही काढली आणि बोटाने रेघा दाखवत गेले. इकडून जा की तिकडून, सगळ्या रेघा राखुंडी आणि चुण्यापाशीच येत होत्या. विहीर एकच आणि घागरी पन्नास, ते म्हणाले. बाहेरचं रक्त आणलं नाही तर जात राहील, मांजरं राहणार नाहीत. पण बाहेरचं आणलं की पुढची सगळी पिढी सरळ केसांची. लाट पुन्हा वर आली तर नातवंडांत, आणि तीही चारातून एखादी.

निर्णय नाडीबाईने घेतला. तिने दातांच्या डॉक्टरांच्या गल्लीतला एक दांडगा पिवळा बोका आणला आणि दूधवाल्याकडची एक काळीपांढरी मांजरी. संघटनेला तसं कळवलं. परीक्षकबाईंचं पत्र आलं, त्यात आवाज पुन्हा मोठा झालेला होता. इतक्या कष्टाने वर आणलेली गोष्ट तुम्ही आपल्या हाताने मातीत घालताय, असं त्यात होतं. ज्यांना लाटांची पिल्लं हवी होती ती माणसं जिन्यावरूनच परत गेली. कुरळ्या मांजरांच्या घरात आता सरळ मांजरं, हा गल्लीत विनोद झाला. तिच्या घरचं पाणीच सपाट झालंय, असंही कुणी म्हणालं.

सरळ पिल्लं धडधाकट होती. पडद्यांवर चढायची, दादाच्या डिंकात पाय घालायची. नाडीबाई त्यांच्या पाठीवरून हात फिरवायची. बोटांना काही लागायचं नाही. तरी ती फिरवत राहायची. आत आहे, ती म्हणायची. झोपलीय.

चुण्या त्याच काळात गेला. बारा वर्षांचा झाला होता, दिवसदिवस झोपायचा. एका दुपारी वहिनीच्या मांडीवर, उन्हात, झोपेतच गेला. वहिनीला ते लगेच कळलं, कारण मांडीला तो पहिल्यांदाच गार लागला. तिने हातातलं काज पुरं केलं. मग पुढचं केलं, त्याच्या पुढचं केलं, आणि संध्याकाळी नाडीबाई येईपर्यंत ती तशीच बसून होती. तो अख्खा गठ्ठा शिवणखान्याने परत पाठवला. सगळी काजं भलत्याच बाजूला झाली होती.

सरळांची सरळांशी जोडी लावली त्याची पहिली खेप पाचांची. पाचही सरळ. दुसरी खेप चारांची, तीही सरळ. डॉक्टरांनी तोवर काम सोडलं होतं. ते काठी टेकत आले आणि म्हणाले, हिशोबात चुकलं नाही, नशिबाला मागची आठवण नसते एवढंच. नाडीबाई आता घरीच असायची. मिलने तिला निरोप दिला होता. दुपारी ती खिडकीजवळच्या दुसऱ्या खुर्चीत बसायची. वहिनीची सुई चालू असायची, आणि त्या लयीत तिला झोप यायची. स्वप्नात काही घडायचं नाही. नुसता तो उत्तरेचा उजेड असायचा आणि त्यात काहीतरी तरंगत असायचं.

तिसऱ्या खेपेला ती अशीच झोपली होती. पलीकडच्या खोलीत मांजरी व्याली, वहिनी जाऊन आली. तिने नाडीबाईला हाक मारली नाही. एक पिल्लू आणून, अजून पुरतं वाळलेलंही नव्हतं ते, तिच्या उघड्या तळव्यावर ठेवलं आणि बाजूला उभी राहिली. नाडीबाई जागी झाली नाही. पण अंगठा हलला, मग दोन बोटं, अंगठा पिल्लाच्या मानेपासून शेपटाकडे हळूहळू सरकत गेला, मधे थांबला, मागे येऊन पुन्हा गेला. मग तिने डोळे उघडले.

"किती?" तिने विचारलं.

"सहा झालीत," वहिनी म्हणाली. "दोघांना आहे. हे पिवळं, आणि एक काळं आहे, आईला चिकटून बसलंय, सुटत नाही." तिने वाकून पिल्लू परत घेतलं आणि हातात जोखलं. "जड आहे, वन्सं. पूर्वीच्यांपेक्षा चांगलं जड आहे."

नाडीबाई उठली. दोघी पलीकडच्या खोलीत गेल्या आणि पेटीशी जमिनीवर बसल्या. खालून दादाच्या करवतीचा आवाज येत होता. काळं पिल्लू दूध पीत होतं, त्याच्या पाठीवर ओल्या लाटा होत्या, आणि ते इतक्या जोरात ओढत होतं की त्याची आई मधूनमधून मागे वळून त्याच्याकडे बघत होती.